आडनाव प्रयोगशाळेच्या बाहेर ठेवून यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विक्रोळीत वाढलेला चोवीस वर्षांचा मुलगा. वडील महापालिकेत सफाई कामगार. एम.एस्सी. झाली, अनुसूचित जातीच्या प्रवर्गातून नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली आणि मुंबईतल्याच एका संशोधन संस्थेत जीवशास्त्रात पीएच.डी.ला लागून तीन महिने झाले. पहिल्याच आठवड्यात कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, "रँक किती होती रे?" दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पाणीवाटपाला उभा राहतो, यंदा लॅब मीटिंग नेमकी त्याच दिवशी लागली, तर गप्प बसला. सोबतचे म्हणतात, विज्ञानाला जात नसते. गाइड भला माणूस आहे, पण त्याचं म्हणणं, "आधी थिसिस, समाज नंतर." आता या मुलाला विचारायचंय की ओळख लपवू का, आणि समाजासाठी काही करायचं असेल तर प्रयोगशाळेचा बेंच सोडून सरळ समाजशास्त्राकडे वळू का.

तुला अरे-तुरेच करते. माझे विद्यार्थी तुझ्याच वयाचे आहेत. मी रक्ताच्या आनुवंशिक आजारांवर काम करते, मुख्यतः सिकलसेलवर, आणि त्यातली सत्तावीस वर्षं परळच्या आसपासच गेली. वाढले नायगावच्या बीडीडी चाळीत, शिकले सिद्धार्थ कॉलेजात. तू ज्या जिन्यावर उभा आहेस तो मी चढलेय, त्याची कुठली पायरी हलते ते मला ठाऊक आहे.

आधी लपवण्याबद्दल. मी लपवलंय, त्यामुळे त्याला काय मोजावं लागतं ते माहीत आहे. माझं आडनाव गावावरून आलेलं, शेवटी 'कर'. ते ऐकून माणूस जरा घुटमळतो. मग विचारतो, "मूळ कुठले?" रत्नागिरी म्हटलं की "रत्नागिरीत कुठे?" आणि त्यातूनही काही हाती लागलं नाही की "कुलदैवत कोणतं हो तुमचं?" पीएच.डी.चं पहिलं दीड वर्ष मी या तिसऱ्या प्रश्नाच्या अलीकडे विषय बदलण्यात घालवलं. राहायला कुठे, तर 'दादरला'. डब्यात सुकट न्यायची बंद केली. ६ डिसेंबरला अर्ध्या दिवसाची रजा टाकली तेव्हा कारण लिहिलं, डॉक्टरकडे जायचंय. लपवलेली गोष्ट रोज सांभाळावी लागते, आणि सुरुवातीच्या वर्षांत डोक्याला दुसरी पुष्कळ कामं असतात. माझ्या त्या काळातल्या लॅबच्या वहीत प्रयोगातल्या दोन जेलच्या फोटोंवर तारखाच नाहीत.

हे सगळं संपलं ते भांडी धुण्याच्या खोलीत. तेव्हा काचेची भांडी क्रोमिक ॲसिडमध्ये बुडवून मग धुवायचे. जुन्या प्रयोगशाळांत ही खोली मागच्या बाजूला, जिन्याखाली वगैरे असते, आणि तिथे काम करणारे काका बहुतेक वेळा आपलेच असतात. मी पिपेटांचा ट्रे घेऊन गेले. काकांच्या बोटांची टोकं पिवळी-तपकिरी पडलेली. ट्रे हातात घेत त्यांनी विचारलं, "ताई, कुठल्या तुम्ही?" मी सवयीने दादर म्हणाले. ते हसले. "दादर म्हणजे नायगाव ना? परवा चाळीखाली बघितलं तुम्हाला, पाण्याच्या टाकीपाशी." मग मागे वळून दाराकडे पाहिलं आणि हलक्या आवाजात म्हणाले, "जय भीम." मीही तितक्याच हलक्या आवाजात म्हणाले. दोघं मिळून कुठला गुन्हा करत होतो, कुणास ठाऊक.

पुढच्या दहा मिनिटांत काकांनी मला जे सांगितलं ते तोवर कुणीच सांगितलं नव्हतं. दोनशे मायक्रोलिटरची कुठली पिपेट कमी उचलते, सामान मागवायच्या इंडेंटवर कुणाची सही लवकर मिळते, उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमधला कुठला खण कुणी अडवून ठेवलाय, आणि कुठल्या साहेबांच्या खोलीत एकटीने जाऊ नये. माझ्या बॅचच्या बाकीच्यांना हीच माहिती मावशीच्या ओळखीतल्या प्रोफेसरांकडून किंवा आधीच पीएच.डी. केलेल्या दादाकडून मिळाली होती, तीही प्रवेशाच्या आधी. तिला कुणी सवलत म्हणत नाही. तुझ्या संस्थेतही असे काका असतील, एखाद्या ताई असतील. त्यांच्याशी नावानिशी, अहो-जाहो करून बोल. लपवायचं असलं तरी त्यांच्यापासून लपत नाही, हे ध्यानात ठेव.

तेव्हा कुणी विचारलं तर खरं सांग. न विचारता जाहीर करत फिरायचीही गरज नाही, तू काही प्रदर्शनात मांडलेला नाहीस. 'रँक किती' या प्रश्नाचं मात्र वेगळं आहे, त्याला उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. आयआयटी मुंबईने २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांत विद्यार्थ्यांनी एकमेकांना जेईईची रँक किंवा गेटचे गुण विचारू नयेत असं म्हटलंय, कारण त्यावरून लोक प्रवर्ग काढतात. पुन्हा कुणी विचारलं तर "जेआरएफ आहे" एवढं पुरे. प्रवर्ग कुठलाही असो, जेआरएफ महिना ३७,००० रुपयेच असते.

आता 'विज्ञानाला जात नसते'. तुझे मित्र भौतिकशास्त्रातले असते तर मी हसून सोडून दिलं असतं. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसून हे म्हणायचं म्हणजे आपल्याच विषयातलं वाचन कमी पडतंय. १९१६ च्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस, जवळपास तुझ्याएवढंच. जातीचं खास लक्षण कोणतं, तर विटाळ वगैरे नव्हे, जातीतल्या जातीत लग्न, अशी त्यांची मांडणी होती. सत्त्याण्णव वर्षांनी, २०१३ मध्ये, हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंच्या जीवशास्त्रावरच्या संस्थेच्या आणि हार्वर्डच्या संशोधकांनी ७३ समूहांचे जनुकीय नमुने तपासून दाखवलं की इथल्या लोकांची आपसातली सरमिसळ साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत जोरात चालू होती, आणि मग ती थांबली. लग्नं वर्तुळाच्या आत व्हायला लागली, त्याची खूण डीएनएत राहिली. बाबासाहेबांचा तो निबंध तू घरी किंवा विहारात ऐकलेला असणार. तुझ्या लॅबमधल्या किती जणांनी वाचलाय, विचारून बघ.

मी ज्या आजारावर काम करते, त्या सिकलसेलचंच घे. हिमोग्लोबिनमधल्या बीटा-ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. बदल एवढाच, पण तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. वाहकाला, म्हणजे हे जनुक एकाच पालकाकडून आलेल्याला, मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं, म्हणून मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हे जनुक टिकून राहिलं, आणि लग्नाच्या कुंपणाने त्याला त्या त्या समाजात कोंडून ठेवलं. महाराष्ट्रात नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा, गडचिरोलीचे माडिया आणि गोंड, विदर्भातले पूर्वाश्रमीचे महार, यांच्यात ते जास्त सापडतं. मग शोधनिबंधाच्या तक्त्यात समाजाचं नाव लिहायचं का? लिहावं लागतं. नाहीतर तपासणीची मोहीम कुठे न्यायची तेच कळणार नाही. पण त्याच तक्त्यावरून पुढे 'हा त्यांचा आजार' अशी बोलवा होते आणि वाहक मुलीचं लग्न मोडतं, जी स्वतः आजारी नाही. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तरच दर बाळंतपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची असते. एकच जण वाहक असेल आणि दुसऱ्याचं हिमोग्लोबिन सर्वसाधारण असेल तर मूल फार तर वाहक होतं. ही ओळ तक्त्याखाली हवी. ती लिहायचं सुचतं कुणाला? माझी मावशी भंडाऱ्याला दिलेली. तिच्या मुलीचं जमलेलं लग्न तपासणीच्या एका कार्डावरून मोडलं होतं. मला ती ओळ सुचायला कुठला कोर्स करावा लागला नाही.

हे वाचून तुझी छाती फुगली असेल तर जरा थांब, कारण माझीही फुगली होती. आपण सोसलंय, म्हणजे आपल्याला सगळ्या सोसणाऱ्यांचं कळतं, असा माझा समज होता. तो धडगावकडच्या एका आश्रमशाळेच्या ओसरीवर उतरला. रक्त घ्यायचं शिबिर होतं. जांभळ्या झाकणाच्या नळ्या, बर्फाच्या पिशव्या भरलेला थर्माकोलचा डबा, शाळेचे दोन बाक. मी संमतिपत्र वाचत होते: "सदर संशोधन प्रकल्पाविषयीची सर्व माहिती मला आकलन होईल अशा भाषेत देण्यात आली असून..." माझं दीड पान झालं की शेजारी बसलेल्या आशाताई पावरीत एक वाक्य बोलायच्या. दीड पानाचं एक वाक्य. आठ-दहा अंगठे झाल्यावर एक बाई शाईच्या पॅडपाशी थांबली आणि काहीतरी म्हणाली. आशाताईंनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "ती विचारते, मागच्या वर्षीपण रक्त नेलं. मुंबईला गेलं. परत काय आलं?"

परत काहीच आलं नव्हतं. मागच्या वर्षीची टीम आमची नव्हती, पण ते तिला सांगून काय उपयोग? जीपमधून उतरणारे सगळे तिला सारखेच. त्या ओसरीवर माझी बीडीडी चाळ, माझं सिद्धार्थ कॉलेज, यातलं काही चालणारं नव्हतं. मी मुंबईची मॅडम होते आणि रक्त न्यायला आले होते.

त्यानंतर आमच्या प्रकल्पात एक नियम आला. अहवालाची चिठ्ठी माणसाच्या हातात पडल्याशिवाय त्याचा नमुना शोधनिबंधात मोजायचा नाही. त्यासाठी बजेटमध्ये गाडीच्या खर्चाची एक ओळ वाढवून घ्यावी लागली, त्यावरून तीन बैठका झाल्या, आणि निबंध निघायला पुष्कळ उशीर झाला. संमतिपत्र पावरीत बोलून रेकॉर्ड करून ऐकवायला लागलो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांत समाजाचा सहभाग, फायद्यातला वाटा, दुर्बल गटांचं संरक्षण हे सगळं लिहिलेलं आहेच, बैठकीत ते पान उघडून "मग गाडीचे पैसे कुठून?" असं विचारणारं कुणीतरी लागतं. असं कुणी नसलं की काय होतं ते २००९-१० मध्ये दिसलं. तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस देण्याचा अभ्यासप्रकल्प चालू होता. खम्मममध्ये वसतिगृहात राहणाऱ्या अनेक आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर आईवडिलांच्या जागी वॉर्डनच्या सह्या होत्या. प्रकल्प २०१० मध्ये थांबवला आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले.

तुझ्या गाइडला माझा नमस्कार सांग आणि सांग की थिसिस आधी की समाज आधी हा क्रम मला लावताच आलेला नाही. नमुना कुणाचा, प्रश्न कुणाला पडलेला, लेखकांच्या यादीत कोण, आभारात कोण, हे सगळं थिसिसच्या पानांतच असतं. फोर्टमधल्या विज्ञान संस्थेत कमला सोहोनींनी नीरेवर काम केलं, आदिवासी गरोदर बायका आणि कुपोषित मुलांच्या आहारात तिचा काय उपयोग होतो ते पाहिलं, आणि ते अस्सल जीवरसायनशास्त्र होतं. त्यांची १९३३ ची गोष्ट तुला माहीत असेल: मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश नाकारला, या हटून बसल्या, वर्षभर तात्पुरत्या प्रवेशावर काढलं आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. जिद्दीची गोष्ट म्हणून ती सांगतात, तशी ती आहेच. पण त्यांचे वडील आणि काका दोघंही त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. एवढं पाठबळ असलेल्या मुलीला दारात बसावं लागलं. तुझे वडील पहाटे चौकीवर हजेरी लावून झाडू हातात घेतात. तू तीन महिने टिकलास हे काही कमी नाही.

आभाराचा विषय निघालाच आहे तर सांगते. माझ्या हातचे दोन पावसाळ्यांचे नमुने असलेला पहिला निबंध छापून आला तेव्हा माझं नाव शेवटी, 'तांत्रिक साहाय्याबद्दल' या शब्दांत होतं. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं, पण त्याहून आधी विचारायला हवं होतं. तू या महिन्यातच गाइडला विचार, "सर, आपल्याकडे लेखकांचा क्रम कसा ठरतो?" आता विचारलंस तर ती माहिती असते; निबंध पाठवायच्या आठवड्यात विचारलंस तर ते भांडण होतं.

पैशाचं आणि कागदाचं थोडक्यात सांगते, कारण आपली मुलं विज्ञानात कमी पडत नाहीत, फाइलीत अडकतात. जात प्रमाणपत्र, जात वैधता, फेलोशिपचं पत्र, रुजू अहवाल, सगळ्याच्या स्कॅन प्रती एका जागी ठेव. हप्ता आला नाही तर टेबलापाशी जाऊन विचारच, पण त्याच संध्याकाळी दोन ओळींची ईमेल टाक. माझी फेलोशिप एकदा नऊ महिने अडकली. क्लार्क दर खेपेला "येईल हो" म्हणायचा आणि मी परत यायचे. त्या नऊ महिन्यांत आईने भिशी उचलली. शेवटी कळलं की एका सहीअभावी फाइल वरूनच परत आली होती आणि मला कळवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आझाद मैदानात बार्टीच्या, म्हणजे राज्य सरकारच्या डॉ. आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्थेच्या, फेलोशिपसाठी बसलेली मुलं तू पाहिली असशील. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं संशोधन कुठल्या पानावर थांबलंय ते तेच जाणोत.

कुणी जातीवरून बोललंच तर त्याच दिवशी वहीत लिहून ठेव: तारीख, वेळ, शब्द, समोर कोण होतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१२ च्या विनियमांनुसार भेदभावविरोधी अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रार साठ दिवसांत निकालात काढायची असते. केंद्र सरकारच्या संस्थांत अनुसूचित जाती-जमातींसाठी संपर्क अधिकारीही असतो. दोघांची नावं शोधून ठेव, वापर करायची वेळ न येवो. "इथे असलं काही घडत नाही" असं सांगणारा भेटेलच. दिल्लीच्या एम्समध्ये नेमकं काय घडतं ते २००७ मध्ये सुखदेव थोरात समितीने तोंडी परीक्षेपासून वसतिगृहाच्या खोल्यांपर्यंत लिहून ठेवलंय. आणि आपल्या मुंबईतल्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था), बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) यांसारख्या संस्थांना २००६ च्या केंद्रीय प्रवेश-आरक्षण कायद्याच्या कलम ४ नेच सूट आहे, हेही माहीत असू दे. तिथे तुझ्यासारखी मुलं कमी का दिसतात याचं सगळं उत्तर या कलमात नाही, पण काही आहे.

एका सापळ्याबद्दल सावध करते, कारण त्यात मी दोनदा पडले. दुसऱ्या वर्षापासून तुला बोलावणी यायला लागतील. जयंतीचं भाषण, समान संधी कक्षाची बैठक, पाहुण्यांना दाखवायला 'आमचा विद्यार्थी'. सगळं चांगलंच असतं आणि सगळं तुझ्याच वेळात होतं. तुझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा त्या वेळात वेस्टर्न ब्लॉटचा प्रयोग लावत असतो. पीएच.डी. होईपर्यंत वर्षाला एकच काम घे, आणि ते असं निवड की जे तू केलं नाहीस तर कुणीच करणार नाही. मला विचारशील तर विक्रोळीतल्या अभ्यासिकेत जाऊन बारावीच्या चार मुलांना नेस्ट या प्रवेशपरीक्षेचा फॉर्म भरायला बसव. कलिन्याला, विद्यापीठाच्या आवारात, सीईबीएस नावाचं मूलभूत विज्ञानाचं केंद्र आहे, तिथे या परीक्षेवर पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. विक्रोळीहून तिथे जायला कितीसा वेळ लागतो? आणि विक्रोळीत किती जणांना ते ठाऊक आहे?

समाजशास्त्राकडे जायचं तर ओढ आहे म्हणून जा, चांगला विषय आहे. कँटीनमधल्या एका प्रश्नामुळे जाऊ नकोस. आनुवंशिकीच्या बैठकीत तक्त्याखाली ती ओळ घाला म्हणणारी माणसं आधीच बोटावर मोजण्याइतकी आहेत.

राहिला ६ डिसेंबर. गाइडला आजच मेल कर: "सर, ६ तारखेला महापरिनिर्वाण दिन आहे. मी दुपारपर्यंत शिवाजी पार्कला असेन. माझा डेटा आदल्या संध्याकाळी पाठवतो, चर्चा दुपारनंतर ठेवता आली तर बरं होईल." डॉक्टरकडे जायचंय असं लिहू नकोस. बहुतेक गाइड हो म्हणतात. अर्ध्यांना ती तारीखच माहीत नसते. मी त्या दिवशी पहाटे पाचला चैत्यभूमीच्या रांगेत असते, मग पुस्तकांच्या स्टॉलवर दोन तास जातात आणि बाराच्या सुमाराला पिशवी घेऊन लॅबमध्ये. तुमचं पाणीवाटप मैदानाच्या कुठल्या बाजूला असतं ते कळव, निघताना थांबेन.